पंधरा अँपिअरची रात्र

कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर गाडी कडेला घेतली तेव्हा बॅटरीत 22 टक्के उरले होते. दुपारचे चार वाजून गेले होते. खाली कोकण उन्हाने फिकट पडलं होतं, आणि उतारावरच्या पांगाऱ्यांची लाली तेवढी डोळ्यांत भरत होती. आई उतरली, दरीकडे तोंड करून तिने हात जोडले आणि मागे वळून म्हणाली, "आता उतारच ना गं? मग कसली काळजी?"

उतार संपला की चिपळूण, आणि मला घोर लागला होता तो चिपळूणचा.

आमचं गाव गुहागर तालुक्यात, चिपळूणपासून पंचेचाळीस किलोमीटरवर. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. कोणत्या दिवशी कोणत्या वाडीत, किती वाजता, हे मानकऱ्यांनी ठरवलेलं असतं. आमच्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. वडील गेल्यापासून ते घर वर्षभर बंद असतं, पण पालखी बंद दारावरून पुढे जाऊ द्यायची नाही, हे एक आईने धरून ठेवलंय. ओटीचा खण, नारळ, तांदूळ, साखरेच्या गाठी असं सगळं सामान मागच्या सीटवर पिशवीत होतं, आणि ती पिशवी पुण्यापासून तिने तीनदा चाचपली होती.

विजेच्या गाडीने गावी जायची ही आमची पहिलीच वेळ. गाडी घेऊन दोन वर्षं झाली. पुण्यात तिने कधी अडवलं नाही: सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःचा मीटर, रात्री लावायची, सकाळी काढायची. बॅटरी चाळीस युनिटांची. महामार्गावर युनिटाला साडेसहा किलोमीटर धरले तर अडीचशेच्या थोडं वर जाते. पुणे ते चिपळूण सव्वादोनशेच्या आसपास. कागदावर पोहोचते. पण कागदावर पोहोचणं आणि आईला घेऊन पोहोचणं यात फरक असतो, म्हणून वाटेत सातारच्या अलीकडे-पलीकडे अर्धा तास चार्जिंग करायचं ठरवून निघालो होतो.

त्या पट्ट्यात चार्जर आहेत, भरपूर आहेत. पुणे-बंगळूर महामार्गावरच्या मोठ्या हॉटेलांच्या आवारात मिसळीच्या पाटीशेजारी आता चार्जिंगची पाटी असते. पण शिमग्याला निघालेली मी एकटी नव्हते. थांबलो तिथे चार्जरच्या दोन गनांवर दोन गाड्या लागलेल्या आणि चार रांगेत. हिशेब केला: दीड तास तरी. मोबाइलवर चिपळूणचा नकाशा उघडला तर तीन हिरवे ठिपके दिसले. एक शोरूममध्ये, एक पेट्रोल पंपावर, एक हॉटेलात. तीन आहेत म्हटल्यावर एक तरी मिळेलच, असं मी आईला म्हणाले आणि निघाले.

उंब्रजला महामार्ग सोडून पश्चिमेला वळलं की नकाशावरचे ठिपके संपतात. मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर. रस्ता सुंदर आहे, ऊसतोड संपलेली शेतं, मग हळूहळू जवळ येणारे डोंगर, पण पन्नास-साठ किलोमीटर मी पडद्यावरच्या आकड्यापलीकडे फारसं काही पाहिलं नाही. पेट्रोलच्या गाडीत काटा लाल रेघेशी आला तरी माणूस निवांत असतो, कारण पुढच्या गावात पंप असणार हे त्याने गृहीत धरलेलं असतं. हे गृहीत धरायला मिळणं किती मोठी गोष्ट आहे, ते त्या रस्त्यावर कळलं.

घाट उतरताना मात्र आकड्याकडे बघण्यात वेगळा आनंद होता. पाय काढला की गाडीची मोटर उलटं काम करते: चाकं तिला फिरवतात, ती वीज तयार करते आणि बॅटरीत परत घालते. अठराशे किलोची गाडी पाचशे मीटर खाली आली तर हिशेबाने अडीच युनिटांच्या आसपास मिळायला हवीत. घर्षणात, उष्णतेत निम्मी जातात. 22चे 23 झाले. पुढच्या वळणांवर 24. आई मोठ्याने आकडे म्हणू लागली. पायथ्याशी पोफळीला आलो तेव्हा 25.

आणि नेमक्या याच डोंगराच्या पोटात हेच काम साठच्या दशकापासून चालू आहे. कोयनेचं पाणी खरं तर पूर्वेला कृष्णेकडे जाणारं. ते शिवसागर जलाशयात अडवून, सह्याद्री पोखरून पश्चिमेला आणलंय. साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवरून ते पोफळीच्या भूमिगत वीजघरात कोसळतं, टर्बाइन फिरवतं आणि शेवटी वाशिष्ठीला मिळतं. चिपळूणची वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहती दिसते ती या पाण्याने. चौथा टप्पा एकट्याचा 1000 मेगावॉटचा. त्यासाठी 1999 साली जलाशयाच्या तळाला खालून भोक पाडलं, ते लेक टॅपिंग तेव्हा वर्तमानपत्रांतून गाजलं होतं. सगळे टप्पे मिळून जवळजवळ दोन हजार मेगावॉट. या विजेसाठी कोयनेच्या खोऱ्यातली गावं उठली, आणि त्या धरणग्रस्तांच्या पुढच्या पिढ्या अजून जमिनीच्या कागदांसाठी हेलपाटे घालतायत. मी लहानपणापासून या घाटातून जाते आहे, पण या विजेचा विचार यापूर्वी कधी केला नव्हता. डोक्यावरून मनोऱ्यांच्या तारा जात होत्या, आणि मी त्यांच्याखालून पंचवीस टक्के घेऊन चिपळुणात प्लग शोधायला निघाले होते.

बहादूरशेख नाक्यावर आलो तेव्हा 17 टक्के.

शोरूम बंद होतं. सणाची सुट्टी. चार्जर आत, काचेपलीकडे दिसत होता, त्यावर छोटा हिरवा दिवाही चालू होता, फाटकाला कुलूप. वॉचमन भला माणूस, पण किल्ली त्याच्याकडे नव्हती. तिथून पेट्रोल पंप. तिथला चार्जर मोठा, जलद. तो चालू असता तर पाऊण तासात आमचं काम झालं असतं. मोबाइलवर 'उपलब्ध' म्हणून दाखवत होता. प्रत्यक्षात पडदा काळा. मी गन लावली, काढली, पुन्हा लावली. पंपावरचा मुलगा पेट्रोल सोडता सोडता म्हणाला, "ताई, तो आठवडा झाला बंद आहे. कंपनीचा माणूस येतो म्हणतायत." कंपनीला फोन लावला. दुसऱ्या टोकाच्या मुलीने फार नम्रपणे तक्रार नोंदवून घेतली आणि विचारलं, चार्जरशेजारी कोणी कर्मचारी आहे का? तो लाल बटण दाबून चार्जर पुन्हा सुरू करू शकेल का? पंपावरच्या मुलाने मान हलवली: त्याला हात लावायचा नाही असं मालकांनी सांगितलंय, तो कंपनीचा आहे.

हे वाक्य मी त्या संध्याकाळभर मनात घोळवलं. पेट्रोलची मशीन बिघडली तर पंपाचा मालक रात्रीत माणूस आणतो, कारण त्याचा धंदा बुडतो. चार्जर त्याच्या जागेत उभा आहे, पण त्याचा नाही. ज्या कंपनीचा आहे तिच्यासाठी तो शेकडो ठिपक्यांमधला एक. आणि गावासाठी तो आहे की नाही हे कोणाला ठाऊकच नाही. नाक्यावर तिघांना विचारलं, चार्जिंग स्टेशन कुठे, तर दोघांनी मला मोबाइलच्या दुकानाकडे हात दाखवला.

तिसरा ठिपका हॉटेलाचा. तो चालू होता, सात किलोवॉटचा, आणि त्याला आधीच एक गाडी लागलेली. हॉटेल भरलेलं. व्यवस्थापक म्हणाले, चार्जर आमच्या पाहुण्यांसाठी आहे, आणि आज रात्री दोन पाहुणे आधीच रांगेत आहेत. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. त्यांनी आईला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं.

साडेसहा वाजत आले होते. 16 टक्के. पंचेचाळीस किलोमीटरला सतरा-अठरा लागणार, पुढे गावात काय ते वेगळंच. आई काही बोलत नव्हती, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती गप्प बसली की मला जास्त टोचतं. भाड्याची गाडी करून तिला पुढे पाठवावं का, असा विचार करत मी चिंचनाक्याशी उभी होते, तेवढ्यात एक रिक्षावाले काका वाकून गाडीचं नाक बघायला लागले. "चार्जिंगची ना ही? काय, संपली काय?" सांगितलं. त्यांनी तंबाखूची डबी खिशात घातली. "घरातला पंधरा अँपिअरचा चालतो ना हिला? माझा साडू तसंच करतो, त्याची पण हीच गाडी. रात्रभर लावतो." आणि रिक्षा पुढे घालून त्यांनी आम्हाला बाजारामागच्या एका आळीत, जुन्या दुमजली लॉजच्या दारात नेऊन उभं केलं. भाडं घेतलं नाही.

लॉज चालवतात त्या काकू साठीच्या. खोल्या सगळ्या गेलेल्या, एकच मागची उरलेली. मी आधी खोलीचं नाही, प्लगचं विचारलं, तेव्हा त्या थोड्या बिचकल्या. "आग बिग नाही ना लागायची?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. पंधरा अँपिअरच्या सॉकेटमधून आठ-दहा तास सलग तीन किलोवॉट ओढायचे, म्हणजे गीझर संध्याकाळी लावून सकाळपर्यंत चालू ठेवण्यासारखं. वायर बारीक असेल, सॉकेट सैल असेल, तर तो तापतो, वितळतो. मी म्हटलं, वायरमनला बोलावू, तो हो म्हणाला तरच लावू. काकूंनी फोन केला, आणि दहा मिनिटांत एक पंचविशीतला मुलगा स्कूटरवरून आला. गळ्यात टेस्टर, डिकीत एक होल्डर, होल्डरला दोन लांब वायरी आणि दोनशे वॉटचा जुना पिवळा बल्ब.

पुढचा तास मी जे पाहिलं ते नीट सांगावंसं वाटतं.

त्या लॉजचा मीटर आणि फ्यूजचा बोर्ड माणसाच्या डोक्याच्या बराच वर, जवळजवळ पोटमाळ्याला लागून बसवलेला आहे. मी वर बघतेय हे पाहून काकूंनी भिंतीवर हात ठेवला, त्यांच्या खांद्याच्याही वर. तिथे रंगाखालून एक मळकट रेघ अजून दिसते. 22 जुलै 2021. त्या दिवशी वाशिष्ठीचं आणि शिवनदीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं. लोक माळ्यावर, छपरावर रात्र काढून राहिले. त्यानंतर काकूंनी बोर्ड वर नेला, सॉकेट वर नेले. पेट्रोल पंपावरचा तो जलद चार्जर मला आठवला. त्याचा चौथरा वीतभर उंच होता.

वायरमनने खोलीतला सॉकेट पाहिला आणि नको म्हणाला. "दीड एमएमची वायर आहे ताई. एसी चालतो कसाबसा. पाण्याच्या मोटरची लाईन चार एमएमची आहे, तिच्यावरून घेऊ. मोटर रात्री लावायची नाही, काय काकू?" गॅलरीतून वायर खाली सोडली. नवीन सॉकेट, नवीन सोळा अँपिअरचा एमसीबी, तो शेजारच्या दुकानातून घेऊन आला, पावती माझ्या हातात दिली. मी गाडीबरोबर मिळालेला चार्जरचा डबा लावला. डब्यावरचा लाल दिवा लुकलुकला. तीनदा, थांबा, पुन्हा तीनदा. पुस्तिकेत पाहिलं: अर्थिंग नाही.

विजेच्या गाडीला अर्थिंग लागतंच. घरातला मिक्सर, टीव्ही अर्थिंगशिवाय वर्षानुवर्षं चालतात, कोणी विचारत नाही. पण गाडीचा चार्जर आधी जमिनीशी जोड आहे का ते तपासतो आणि नसला तर वीज घेतच नाही. रबरी चाकांवर उभं असलेलं लोखंडी धूड, त्यात वीज उतरली तर हात लावणाऱ्याच्या अंगातून जमिनीत जाणार. "लोक काय करतात माहितीय?" वायरमन म्हणाला. "न्यूट्रल आणि अर्थिंग प्लगमध्येच जोडून टाकतात. लगेच हिरवी लागते. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला तर अख्खी गाडी जिवंत. मी करत नाही तसं. कुणी कितीही सांगू दे."

त्याने होल्डरची एक वायर फेजला आणि दुसरी अर्थिंगला टेकवली. दोनशेचा बल्ब निखाऱ्यासारखा लालसर, मंद लागला. मग तो मागच्या अंगणात गेला, तुळशीजवळची फरशी उचलली. खाली अर्थिंगचा खड्डा. कोळसा-मीठ कधीतरी भरलेलं असणार. आत गेलेली लोखंडी पट्टी पुराच्या पाण्याने गंजून पोपडे सुटलेली, तारेचा बोल्ट बोटाने हलत होता. त्याने मोबाइलचा उजेड माझ्याकडे दिला, कानशीने पट्टी घासायला लागला. तपकिरी भुकटी गळत राहिली आणि खालून हळूहळू पांढुरकं लोखंड दिसू लागलं. नवा बोल्ट, दोन वायसर, पान्याने करकचून आवळला. काकूंनी न सांगता पाण्याच्या दोन बादल्या आणून खड्ड्यात ओतल्या. "आत्ता बघा," म्हणून त्याने बल्ब पुन्हा टेकवला. भक्क उजेड पडला. सगळं अंगण, तुळस, दारात उभी असलेली आई, तिच्या हातातली पिशवी, सगळं पिवळं झालं.

सात चाळीसला डब्यावर हिरवा दिवा लागला.

रात्री खोलीत आई लगेच झोपली. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसले. खाली गाडीचा दर्शक दिवा संथपणे उघडमीट करत होता. लांब कुठेतरी ढोल वाजत होते.

मला एसटीडी बूथ आठवले. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही गावी आलो की वडील चिपळुणात उतरून पुण्याला फोन करायचे, पोहोचलो म्हणून. बसस्टँडसमोर पिवळी पाटी, काचेची खोली, बाहेर एक माणूस, त्याच्यासमोर मीटर. रात्री उशिरा दर उतरायचे, तेव्हा रांग लागायची. घरोघर फोन देणं देशाला जमायला अजून वेळ होता, पण एका माणसाला एक फोन आणि एक मीटर देऊन बसवलं की सगळ्या आळीची सोय व्हायची. मशीन बिघडली तर तो माणूस तिथे होता. नंबर लागत नसेल तर तो परत फिरवून द्यायचा. फोनइतकीच ती सोय त्या माणसामुळे होती.

चार्जिंगसाठी असा माणूस बसवायला कायद्याची आडकाठी नाही, हे फार थोड्यांना माहीत आहे. केंद्राच्या वीज मंत्रालयाने 2018 सालीच स्पष्ट केलं की गाडी चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं नव्हे, ती सेवा आहे, त्यासाठी वीजवितरणाचा परवाना लागत नाही. नियम पाळून कोणीही चार्जिंग स्टेशन काढू शकतो. त्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांत शहरात तीन किलोमीटर गुणिले तीन किलोमीटरच्या चौकटीत एक आणि महामार्गाला दर 25 किलोमीटरवर एक स्टेशन असावं असं लिहिलं होतं. आपल्या राज्याच्या 2021च्या धोरणात शहरांचे आकडे आले: मुंबईला 1500, पुण्याला 500, नागपूरला 150, नाशिकला 100, औरंगाबादला 75, अमरावतीला 30, सोलापूरला 20. यादी इथे संपली. 2025चं नवं धोरण राष्ट्रीय महामार्गांवर पुन्हा दर 25 किलोमीटरचं बोलतं. पाटणपासून आम्ही ज्या रस्त्याने आलो तो गुहागर-विजापूर रस्ताही राष्ट्रीय महामार्गच आहे.

आकडे लागतात, मी ते नाकारत नाही. पण चिपळुणातले तिन्ही ठिपके त्या आकड्यांत मोजले गेले असणार, आणि फाल्गुनातल्या त्या संध्याकाळी तिन्ही असून नसल्यासारखे होते. लहान गावाला पहिल्या दिवसापासून मोठे जलद चार्जर हवेत असंही मला वाटत नाही. साठ किलोवॉटचा एक चार्जर म्हणजे एखाद्या वाडीची अख्खी डीपी खाऊन टाकेल एवढा भार. त्याला स्वतंत्र रोहित्र, मोठी जोडणी, पैसा लागतो. महामार्गावर तो हवाच. पण गावात माणूस रात्री मुक्कामाला येतो. लॉजवर, खानावळीशेजारी, भक्तनिवासात, मामाच्या घरी. तिथे सात किलोवॉटचा साधा चार्जर, नाहीतर चार एमएमच्या वायरीवरचा पंधरा अँपिअरचा सॉकेट आणि जिवंत अर्थिंग एवढं रात्रभरात गाडी भरून देतं. आणि एसटीचं स्टँड तर प्रत्येक तालुक्याला आहे. 1 जून 1948ला पहिली एसटी पुणे-अहमदनगर धावली, आणि 2022च्या 1 जूनला विजेवरची शिवाईसुद्धा त्याच रस्त्याने सुटली. आगारांत बससाठी वीज येणार आहे. त्याच आवाराच्या एका कोपऱ्यात चार खाजगी गाड्यांपुरती जागा ठेवली, आणि उपाहारगृहासारखी ती कोणा स्थानिकाला चालवायला दिली, तर तालुक्याच्या गावी चार्जिंग कुठे, हे कोणाला शोधावं लागणार नाही. पत्ता सगळ्यांना ठाऊक आहे.

पहाटे साडेपाचला गाडीत 83 टक्के होते. मोटरच्या लाईनवर काकूंचा छोटा मीटर आहे, त्यावर तीस युनिटं पडलेली. काकूंनी विजेचं बिल काढून युनिट कितीला पडतं ते पाहिलं. मी सहाशे पुढे केले, त्यांनी दीडशे परत दिले. "तुम्ही पालखीला चाललाय. पुढच्या वेळी घेईन पूर्ण," म्हणाल्या, आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत नवीन पान काढून वर 'गाडी' असं लिहून तारीख आणि 30 युनिट मांडले. वायरमनने मजुरी घेतली, पण आधी माझा नंबर घेतला. दिवे कसे लुकलुकले की काय समजायचं, त्या पानाचा फोटोही मागून घेतला.

मार्गताम्हाणे, शृंगारतळी. उजाडत होतं, आंब्याच्या मोहराचा वास काचा खाली करून गाडीत घेतला. साडेसातला दार उघडलं. घरभर वर्षाची धूळ. आईने झाडू घेतला, मी विहिरीचं पाणी काढलं, शेजारच्या वहिनी शेण घेऊन आल्या. पालखी दहाला म्हणता म्हणता अकराला आली, संकासुराचं सोंग पुढे नाचत, मागे सगळी वाडी. ती अंगणात खांद्यांवरून नाचली, मग ओटीवर टेकली. आईने ओटी भरली. गाऱ्हाणं घालताना मानकऱ्यांनी वडिलांचं नाव घेतलं तेव्हा तिने पदर डोळ्याला लावला.

दुपारी वाडीतली पोरं गाडीभोवती जमली. एकाने विचारलं, आमच्याकडे लागेल का ही? त्याच्या पडवीतला प्लग बघायला गेले. मागे दोन पिनांचा जुना बोर्ड, अर्थिंगची तार बोर्डातच संपलेली. आमचा सडा सगळा जांभ्याचा, उन्हाळ्यात पार कोरडा पडतो. अर्थिंगचा खड्डा खोल घेतला, ओला ठेवला तरच धरतो. त्याच्या वडिलांना मी ते सांगितलं, गाडीसाठी नाही, घरातल्या फ्रिजसाठी आणि पोरांसाठी. त्यांनी गंभीरपणे ऐकून घेतलं, खड्डा किती खोल ते दोनदा विचारलं.

परतताना चिपळुणात पंपावर पुन्हा गेले. पडदा काळाच होता.

पुण्याला आल्यावर दहा-बारा दिवसांनी, रात्री आठच्या सुमारास, चिपळूणहून फोन आला. वायरमन. मागे काकूंचा आवाज, आणखी कोणीतरी अनोळखी, एक लहान मूल रडत होतं. "ताई, कोल्हापूरची गाडी आलीय काकूंकडे. तुमच्या कंपनीची नाही, वेगळी. डब्यावर पिवळी लागते, मग दोनदा लाल, मग पिवळी. तुमच्या फोटोत असं नाहीये." मी त्याला विचारलं, बल्ब टेकवून पाहिलास का? पाहिला, भक्क लागतो. मग अर्थिंग नव्हे. प्लग तापलाय का बघ, सॉकेट दाबून बसलाय का बघ. "थांबा," म्हणाला. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. काकू त्या कोल्हापूरच्या बाईंना चहा घेता का विचारत होत्या. मी स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभी होते, आई समोर पोळी लाटायची थांबली होती.

"पीन अर्धीच गेली होती," तो परत येऊन म्हणाला. "लागली हिरवी."